अर्धेरावांची छाती

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकात उभे राहून कबुतरे अंगावर घेणाऱ्यांपैकी मी नव्हे. मला उभे राहताच येत नाही, कारण मला पाय नाहीत. हातही नाहीत. डोके, मान, छाती आणि नावापुरते पोट, एवढाच माझा संसार. तरीही माझा तोरा काही कमी नाही. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले, तर मदत येईपर्यंत त्याच्या छातीवर जोराने आणि लयीत दाबत राहावे लागते. जिवंत माणसाच्या छातीवर असा सराव करता येत नाही. म्हणून लोक तो माझ्यावर करतात.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. साच्यातून आधी माझा चेहरा निघाला आणि मग छाती. एका बाईंनी माझ्या छातीत स्प्रिंग बसवली आणि तिच्याजवळ धातूची एक बारीक पट्टी लावली. छाती पुरेशी खोल दाबली गेली की ही पट्टी ‘टक्’ असा आवाज करते. कमी दाबले तर मी गप्प बसतो. तपासणाऱ्या बाईंनी मला दाबले, मी ‘टक्’ म्हणालो आणि त्या म्हणाल्या, “हा चालेल.” आयुष्यात दिलेली ही माझी एकमेव परीक्षा, आणि तिच्यात मी पहिल्या फटक्यात पास झालो!

मग मला एका खोक्यात घालून खोक्यांच्याच कारखान्यात पाठवण्यात आले. तिथे जाड पुठ्ठा कापतात, त्याला घड्या घालतात, डिंकाने चिकटवतात आणि लहानमोठी खोकी तयार करतात. मी पोहोचलो तेव्हा माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही. सगळे माझे खोके पाहत होते. डिंकाच्या विभागातले काका त्याच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाले, “अहो, हे तर आपलंच खोकं! फिरून फिरून माहेरी आलं की!” मग त्यांनी आत डोकावून पाहिले आणि जरा दचकले. “आणि आत हे कोण? अर्धेच राव दिसतायत!” त्या दिवसापासून मी अर्धेराव झालो.

मला घेऊन शिकवायला एक निवृत्त नर्सबाई यायच्या. पुठ्ठा कापायचे यंत्र चालू असले तरी त्यांचा आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचायचा. कँटीनची बाके सरकवून त्या मला फरशीवर निजवायच्या. मग एकेकाने माझा खांदा थोपटून विचारायचे, “अहो, ऐकू येतंय का?” प्लास्टिकच्या माणसाची अशी चौकशी करताना भले भले लाजायचे. एकदा मॅनेजरसाहेब नुसतेच हवेत म्हणाले, “कोणीतरी फोन करा.” नर्सबाईंनी त्यांना तिथेच थांबवले.

“साहेब, कोणीतरी नावाचा माणूस तुमच्याकडे कामाला आहे का? नाही ना? मग एका माणसाकडे बोट दाखवा आणि सांगा, तुम्ही फोन करा.”

साहेब हसले, आणि पुढच्या वेळी त्यांनी थेट नर्सबाईंकडेच बोट दाखवले.

सुरुवातीचे दिवस मोठ्या कौतुकाचे होते. माझ्याबरोबर फोटो काढले गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून दिली जायची. पण पुढे मालाची घाई सुरू झाली. दर महिन्याचा सराव दोन महिन्यांवर गेला, मग थांबलाच. माझी रवानगी कँटीनच्या कपाटावर झाली. एका बाजूला पाती नसलेला पंखा, दुसऱ्या बाजूला फुटक्या कपांचे पोते, आणि मध्ये मी. माझ्या उघड्या तोंडात एका कोळ्याने घर केले. काकांनी तर माझ्या डोक्याची खुंटी केली आणि रोज आपली टोपी माझ्यावर ठेवू लागले. मला वाईट वाटायचे. पण वरून कँटीन छान दिसायचे, एवढे मात्र खरे.

एके दिवशी नर्सबाई स्वतःच येऊन धडकल्या. माझ्या तोंडातले जाळे पाहून त्यांनी साहेबांना असे काही सुनावले, की दुसऱ्या दिवशीपासून सराव पुन्हा सुरू झाला. प्रत्येक विभागातून एक माणूस यायलाच हवा, असे ठरले. पॅकिंगच्या मुकादम होत्या ताई. त्या काम सोडून कोणालाही हलू द्यायच्या नाहीत. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला पाठवले. “हिला न्या. हिच्यावाचून काही अडत नाही.”

या भावजयीला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा. घरी ताईंचा शब्द चालायचा आणि कारखान्यातही ताईंचाच. वहिनी खोक्याला पट्टी आवळू लागली की ताई ओरडायच्या, “जोर लाव गं! हातात जीव आहे की नाही?” मला कपाटावर ते स्पष्ट ऐकू यायचे. पण ताई मनाने वाईट नव्हत्या. वहिनी तापाने पडली तेव्हा तिच्या वाटणीची खोकीही त्यांनीच बांधली होती. फक्त ते त्यांनी पुढे महिनाभर ऐकवले.

वहिनीने पहिल्यांदा माझ्या छातीवर हात ठेवले, तेव्हा मला वाटले की ही आता अंगाई म्हणणार. तिने अलगद दाबले. मी गप्प. पुन्हा दाबले. मी गप्पच.

“जोरात गं,” नर्सबाई म्हणाल्या.

“लागेल हो त्यांना!”

“अगं, ज्याचं हृदय बंद पडलंय, त्याला अजून लागायचं काय राहिलंय? तू दाबलं नाहीस तर तो जाईल.”

काकांचे ‘टक्’ वाजले, साहेबांचे वाजले, आणि हिशेब विभागातल्या चष्मिस बाईंचेही वाजले. वहिनीचे काही वाजेना. तरी ती एकही सराव चुकवायची नाही. एकदा सगळे गेल्यावर माझा चेहरा पुसताना ती नर्सबाईंना म्हणाली, “माझे वडील बाजारात पडले होते. सगळे गोल करून उभे राहिले. मीपण उभीच राहिले, त्यांच्या चपला हातात घेऊन. बाई, मला पुन्हा तसं उभं राहायचं नाही. पण माझ्याच्यानं जोर होत नाही. खरंच वेळ आली तर कसं होईल माझं?” नर्सबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “येत राहा,” एवढेच त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या वेळी मला फार वाटले की न दाबताच एकदा ‘टक्’ वाजावे. पण खोटे वाजणे माझ्या छातीत नाही.

आणि खरोखरच वेळ आली. दुपारच्या चहाची सुट्टी होती. मी कपाटावर होतो, आणि काकांची टोपी माझ्या एका डोळ्यावर आली होती. पट्टी वाकडी लावल्याबद्दल ताई कोणाला तरी फैलावर घेत होत्या. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. ताई वाक्य अर्धवट सोडणाऱ्यातल्या नव्हेत. मी पाहतो तो त्या बाकावरून घसरून फरशीवर पडल्या. सगळे धावले, आणि गोल करून उभे राहिले.

त्या गोलातून वहिनी आत घुसली. तिने ताईंचे खांदे थोपटले. “वन्सं! वन्सं, ऐकू येतंय का?” उत्तर नाही. श्वासही धड चालत नव्हता. मग वहिनीने मान वर केली आणि सरळ बोट दाखवले. “साहेब, तुम्ही! तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा. आत्ता! आणि मग फाटकावर जा.” त्या इमारतीत साहेबांना आजवर कोणी हुकूम सोडला नव्हता. पण त्यांनी निमूटपणे फोन कानाला लावला आणि फाटकाकडे धावले.

वहिनीने ताईंच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा ठेवला आणि दाबायला सुरुवात केली. पहिले काही दाब अगदी तिच्या नेहमीच्या पद्धतीचे, अलगद होते. दाबताना ती मान कलती करून काहीतरी ऐकत होती. काय ऐकतेय, हे फक्त मला कळले. ती ‘टक्’ची वाट पाहत होती! आवाज आला नाही, म्हणून तिने जोर वाढवला. तरीही आला नाही. “जोर लाव गं, जोर लाव,” ती स्वतःलाच ताईंच्या सुरात बजावू लागली आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबू लागली. एकदा ‘कट्’ असे काहीतरी मोडल्यासारखे वाजले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते ‘टक्’ नव्हते, म्हणून तिचे हात थांबले नाहीत. दमली तेव्हा काकांनी जागा घेतली. ते थकले तेव्हा पुन्हा तिने घेतली.

“वहिनी, बस झालं का?” कोणीतरी रडवेल्या आवाजात विचारले.

“नाही! अजून झालं नाही!”

रुग्णवाहिकेची माणसे आली, त्यांनी ताईंच्या छातीला यंत्र लावले आणि विजेचा झटका दिला. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला, “नाडी लागतेय.” मला छाती आहे पण हृदय नाही, तरीही त्या क्षणी माझ्या आत काहीतरी हलले. टोपीही खाली पडली.

पुढच्या सरावाला वहिनी अपराधी चेहऱ्याने आली. ताई रुग्णालयात उठून बसल्या होत्या, परिचारिकांना कामे कशी करावीत ते सांगू लागल्या होत्या. तरी हिचे तोंड उतरलेलेच.

“बाई, माझं कुठेतरी चुकलं. किती दाबलं तरी टक् वाजलंच नाही.”

नर्सबाई बाकावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं वेडे, माणसाच्या छातीत टक् नसतंच! ते फक्त या अर्धेरावांत आहे.”

“मग पुरे झालं, हे मला कळणार कसं?”

“मदत येईपर्यंत पुरे होतच नसतं, बाळा. तू केलंस तेच बरोबर.” नर्सबाईंनी तिला जवळ घेतले, आणि मग वहिनी पोटभर रडली.

काही आठवड्यांनी ताई कामावर परतल्या. जड उचलायला मनाई होती, पण बोलायला नव्हती. येईल त्याला त्या छातीकडे बोट दाखवून सांगू लागल्या, “दोन बरगड्या मोडल्या हो हिने माझ्या!” नवे मंगळसूत्र दाखवावे, तसा त्यांचा सूर असायचा. वहिनी लाजून कामात डोके घालायची.

मग एक दिवस सरावाच्या वेळी ताई कँटीनमध्ये आल्या. कोणी बोलावले नव्हते. सावकाश माझ्याजवळ खाली बसल्या, आणि भावजयीला म्हणाल्या, “मला शिकव.”

“वन्सं, तुम्हाला जोर करायला मनाई आहे ना?”

“आज नुसतं तोंडानं सांग. डॉक्टर हो म्हणाले की हातानं करीन.” मग ताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “उद्या तुला काही झालं, तर मी काय नुसती बघत बसू? तुझ्यावाचून माझं अडतं गं.”

वहिनीने ताईंचा हात धरून माझ्या छातीच्या मधोमध ठेवला, आणि बराच वेळ त्यावरचा आपला हात काढला नाही. मित्रांनो, माझ्या छातीवर आजवर हजारो हात पडले आहेत. पण त्या दोन हातांचे वजन मला अजून जाणवते.

तुमच्या शाळेत किंवा आईबाबांच्या कामाच्या जागी, एखाद्या कपाटावर माझा कोणी भाऊ धूळ खात पडला असेल. त्याला खाली काढा. त्याचे तोंड पुसा, मोठ्या माणसांना बोलवा, आणि त्यांच्यासोबत शिका. सुरुवातीला हात कापतील, लय चुकेल, हसू येईल. येऊ द्या. हव्या तेवढ्या चुका माझ्यावर करा, मला काही होत नाही. त्या सगळ्या माझ्यावरच संपवून टाका, म्हणजे तुमच्या माणसांसाठी एकही उरणार नाही.