पत्र्यामागचा भंडारा

मिरजेत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मीटर पेटले आणि सहाव्या मजल्यावर माझा नवरा अर्जुना धुरात गुदमरून मेला. मी दळण आणायला गेले होते. बिल्डर लालासाहेबानं पोलिसांना सांगितलं, "सोनमबाईनं खिडकी उघडी टाकली, धूर तिथनं शिरला."

खिडक्या मी लावूनच निघाले होते. पण माझी सासू दगडाबाईसुद्धा म्हणाली, "माझं ल्येकरू तू खाल्लंस."

जळकं घर मी नीट बघितलं. भिंतीला बाहेरून चकचकीत पत्रे, त्यांच्यामागे वीतभर पोकळी, खालपासून वरपर्यंत मोकळी. प्रत्येक मजल्याला ती बुजवायची असते. लालासाहेबानं तिथं पैसे वाचवले. चौकटीच्या फटीतून काळे ओघळ घरात उतरले होते. मी सांगत फिरले. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय.

मग सांगलीत त्याची नवी बिल्डिंग झाली. तसलेच पत्रे. वरचा मजला स्वतःला ठेवला, वास्तुशांतीला गिऱ्हाइकं बोलावली. माझी जिरली समजून मलाही आवतण.

मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, मी खोटी निघाले तर जोड्यानं मारा. पर तुमच्या हातानं भंडारा उधळा, तळाला पत्र्याच्या मी दावते त्या फटीत."

धनगराच्या म्हातारीला भंडारा उधळताना कोण अडवणार? वॉचमननं उलट कपाळ पुढं केलं.

मी वर गेले. भर दुपार, पत्रे तापलेले, मागची हवा वर पळणारच. हॉलमध्ये एसी, खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर ओढत होता. बासुंदीची वाटी घेऊन मी खिडकीशी बसले. बराच वेळ काहीच नाही.

मग चौकटीतून हळद झिरपली. पडदा पिवळा, वाट्या पिवळ्या, पाहुणे खोकायला लागले.

"खिडकी कुणी उघडली?" लालासाहेब ओरडला.

"अहो, सगळ्या बंदच आहेत," त्याची बायको शरयू म्हणाली.

"व्हय का?" मी उठले. "मग अर्जुनाची कुनी उघडली हुती, लालासाहेब? ही हळद तळमजल्यावर टाकलीय. उद्या तिथं मीटर पेटलं तर काय येईल, इचारा यास्नी."

ताटं टाकून गिऱ्हाइकं जिन्यानं उतरायला लागली. लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाहीत.

तेवढ्यात सासू वर आली. पिवळा पडदा बघून दारातच थबकली. मग सरळ लालासाहेबापुढं गेली आणि दोन्ही पिवळे हात त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसले.

"खिडकी लावलेली हुती रं," ती म्हणाली.

माझ्याकडं वळून हात जोडायला लागली. मी जोडू दिले. माफ मात्र तिलाही केलं नाही.