इरज आगांचा आग्रह

स्वातंत्र्य कोणी कोणाला देत नसतं, ते हिसकावून घ्यावं लागतं, असं जगातले सगळे मोठे लोक सांगून गेले आहेत. मंदानाला ते जेवता जेवता मिळालं, भाताच्या वाढणीबरोबर, आणि तेही आग्रह करकरून.

काशानात, मंदानाच्या शहरात, या तोंडदेखल्या आग्रहाला तआरोफ म्हणतात. टॅक्सीवाल्याला भाडं विचारलं की तो म्हणतो, ‘‘राहू द्या हो, ओवाळून टाकलं तुमच्यावरून.’’ मग आपण ‘छे छे’ म्हणायचं, त्याने पुन्हा ‘राहू द्या’, आपण पुन्हा ‘छे छे’, आणि तिसऱ्या खेपेला तो हात पुढे करतो. पहिल्याच ‘राहू द्या’ला कोणी खरंच उतरून चालू लागलं, तर तो गाडी तशीच सोडून मागे धावतो.

मंदानाचं लग्नही असंच ठरलं होतं. तिचे बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गुलाबजलाचे व्यापारी इरज आगा यांच्या आई शौकत खानुम, म्हणजे शौकतबाई, मागणी घालायला आल्या, तेव्हा बाबा रीतीप्रमाणे म्हणाले, ‘‘मुलगी काय, तुमच्या घरची दासीच आहे.’’ पुढचं वाक्य ‘पण तिला अजून शिकायचंय’ असं होतं. ते निघायच्या आत शौकत खानुमनी मिठाईचा डबा उघडला. वसंतात निकाहनामा झाला. पाठवणी पुढच्या वर्षी व्हायची होती, त्यामुळे मंदाना अजून बापाच्याच घरी राहत होती. पण कायद्याने ती नवऱ्याची झाली होती, आणि नवऱ्याच्या सहीशिवाय तिला पासपोर्ट मिळणार नव्हता.

पासपोर्ट तिला गाण्यासाठी हवा होता. पुरुषांच्या कानावर पडेल असं एकट्या बाईने गायला देशात मनाई होती, म्हणून मंदाना स्वयंपाकघरात, धुराचा पंखा पूर्ण वेगात लावून गायची. त्या पंख्यासकट केलेलं ध्वनिमुद्रण तिने हँबर्गच्या संगीत विद्यालयाला पाठवलं आणि त्यांनी तिला प्रवेश दिला. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं होतं.

तिने इरज आगांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा खोलीत दोघंच होती.

‘‘बाईचा आवाज म्हणजे घरातलं अत्तर,’’ इरज आगा प्रेमाने म्हणाले. ‘‘बाटलीचं बूच उघडं ठेवतात का, वेडे? लग्नघरी बायकांत गातेस ना, तेही बंद कर आता.’’

एकांतात इरज आगा तआरोफ करत नसत. चारचौघांत मात्र सौजन्यात त्यांचा हात धरणारा काशानात कोणी नव्हता. ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत ते हमामच्या दारात एकदा इतका वेळ उभे राहिले, की आतलं गरम पाणी संपलं. मंदानाने याचा नीट विचार केला आणि तिसऱ्यांदा एकांतात विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी शौकत खानुमकडे जेवण होतं. पाहुणे होते वोसूकी आगा, शहरातले जुने नोटरी. पातेल्याच्या तळाचा खरपूस भात, तहदीग, त्यांच्या ताटात पडला. त्यांनी तो इरजकडे सरकवला, इरजने परत त्यांच्याकडे, आणि तुकडा गार होईपर्यंत हे चाललं.

‘‘सूनबाई सध्या काय करतात?’’ वोसूकी आगांनी अखेर तो खात विचारलं.

‘‘हँबर्गला शिकायला जायचंय, आगा,’’ मंदाना म्हणाली. ‘‘सगळं झालंय. ह्यांच्या परवानगीचंच तेवढं अडलंय.’’

‘‘वा, वा! इरज, तू काय अडवून धरणार आहेस थोडीच?’’

इरज आगांचा हात आपोआप छातीवर गेला. ‘‘परवानगी ही काय चीज आहे, आगा! मंदाना खानुमनी हुकूम करावा. माझा जीवही त्यांच्या पायाशी.’’

यावर मंदानाने काय म्हणायचं, हे काशानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ‘अहो, तुमची सावली सोडून मी कुठे जाणार?’ शौकत खानुमनी ते ऐकायला मान तिरकीही केली होती.

मंदानाने चमचा खाली ठेवला. ‘‘फार उपकार झाले. मग उद्या नऊ वाजता येऊ, वोसूकी आगा?’’

शौकत खानुमच्या घशात दही अडकलं.

‘‘या की,’’ वोसूकी आगा म्हणाले. ‘‘ओळखपत्रं आणा दोघांची.’’

दुसऱ्या दिवशी नोटरीच्या दारात इरज आगा एका म्हाताऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणत बराच वेळ रेंगाळले. मधेच मंदानाच्या कानाशी लागले, ‘‘पुरे झाली थट्टा. आत गेल्यावर एकदा ‘नको’ म्हण आणि मोकळी हो.’’

‘‘अगंबाई! म्हणजे लोक म्हणणार, इरज आगांनी दिलेला शब्द बायकोनेच धुडकावला. मी नाही तुमची मान खाली घालायला लावणार.’’

आत दोन कारकून, रांगेतली सात माणसं आणि तो म्हातारा, सगळे ऐकत होते.

‘‘एका प्रवासापुरती लिहू, की कायमची?’’ वोसूकी आगांनी विचारलं.

‘‘खानुम म्हणतील तसं,’’ इरज आगा छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

‘‘कायमची,’’ खानुम म्हणाल्या.

‘‘मागे घेण्याचा हक्क राखून ठेवायचा का?’’

‘‘शंभर वर्षं आयुष्य लाभो तुम्हा दोघांना,’’ रांगेतला म्हातारा मधेच म्हणाला. ‘‘असा दिलदार नवरा मी पाहिला नाही! असा माणूस दिलेलं मागे घेईल का?’’

इरज आगांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग सात माणसांकडे. छातीवरचा हात खाली आलाच नाही. ‘‘मी आणि मागे घेणार?’’ ते क्षीण आवाजात म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी सही केली.

रांगेने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी धावत जाऊन मिठाई आणली, आणि या वेळी डबा मंदानाने उघडला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो कागद दोनदा वाचला, मंदानाला डोक्यावरचा रुमाल जरा पुढे ओढायला लावला, आणि शिक्का मारला. बाबा काचेपलीकडे उभे होते. जन्मभर पोरांना नकाशावर देश दाखवणारा तो माणूस रडत होता आणि दोन्ही हातांनी ‘जा, जा’ करत होता. ते तआरोफ नव्हतं.

हँबर्गला तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. पहिल्या रविवारी सकाळी तिने खिडकी सताड उघडली आणि काशानजवळच्या कमसरच्या बायका गुलाब खुडताना म्हणतात ते गाणं धरलं. पंख्याविना. वरच्या पट्टीत आवाज गेला तेव्हा तिला तो आपला वाटेना, इतका मोठा होता. खालून जाणारा एक सायकलवाला थांबला. पुरुष होता. ऐकून निघून गेला, आणि काहीही झालं नाही. मंदानाने दुसरं कडवं आणखी वर नेलं.

मग दारावरची घंटी वाजली. शेजारच्या लुडर्सबाई होत्या, घरातल्या सपाता घालून.

‘‘या ना, चहा घ्या,’’ सवयीने मंदाना म्हणाली.

बाई पहिल्याच बोलावण्याला आत आल्या, दोन पेले चहा प्यायल्या, आवाज फार सुंदर आहे म्हणाल्या, आणि जाताना जिन्यातला फलक वाचायला सांगून गेल्या.

फलकावर लिहिलं होतं, की या इमारतीत गाण्याबजावण्याला रविवारी मनाई आहे. इतर दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ परवानगी आहे, दुपारचे एक ते तीन सोडून.