हळवे-गरवे एका पोटात

मित्रांनो, पोट भरलेले असले की मला बोलायला आवडत नाही. पण झरीच्या आमच्या पाड्यावर माझ्यामुळे एवढा गोंधळ झाला, की आता माझेही ऐकून घ्या. मी एक जुनी कणगी आहे. लाहूआजाने मला बांबूच्या कांबट्यांनी विणले आणि शेणमातीने लिंपले. पुढच्या पेरणीचे भाताचे बी माझ्या पोटात राहायचे.

मग बाजारातून पिशवीतले बी येऊ लागले. त्याच्या मागोमाग युरिया आला, फवारे आले. मला कोपऱ्यात ढकलले आणि माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली. मला फार अपमान वाटला. पुढे जमीन टणक झाली, भाताच्या खाचरातले खेकडे नाहीसे झाले, तेव्हा लाहूआजाची सून रूपी हट्टाला पेटली. सगळ्यांनी मिळून शेणखताची, पालापाचोळ्याची शेती करायची असे तिने पाड्याकडून कबूल करून घेतले. एकट्याने भागणारे नव्हते. आमची खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी आहेत. वरच्याने फवारले की ते पाण्याबरोबर खाली येतेच. सर्वांत वरचे खाचर मुकेशचे. तोही तयार झाला.

जुने बी घरोघरी सूपभर उरले होते. सगळे मिळून करायचे तर बीही एकत्र, म्हणून उत्साहाच्या भरात बायकांनी ते सारे माझ्या पोटात ओतले. हळवे भात लवकर पिकते आणि गरवे उशिरा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण 'माझे वेगळे ठेवा' म्हणायला प्रत्येकीला संकोच वाटला. मला तोंड असून उपयोग काय?

व्हायचे तेच झाले. एकाच खाचरात हळव्याचे दाणे गळू लागले आणि शेजारचे गरवे हिरवेगार. कापावे कसे? मुकेश संतापला. पुढच्या वर्षी पिशवीतले बी आणि फवारा, असे त्याने सांगून टाकले. तो फुटला असता, तर खालच्या सगळ्यांची मेहनत फुकट गेली असती.

पुढचे मी बायकांच्या बोलण्यातून ऐकले. रूपीने वाद घातला नाही. ती टोपली घेऊन थेट त्याच्या खाचरात उतरली आणि पिकलेल्या हळव्याच्या लोंब्या तेवढ्या हाताने खुडू लागली.

"चूक सगळ्यांची हाय," ती म्हणाली, "तं निवडू बी सगळीच. पयलं तुझं शेत."

मागून पाड्यावरची बुधी आली, शुक्री आली. कंबरडे मोडले, पण कोणी मागे हटले नाही. मुकेश बांधावरून बघत होता. मग तोही खाली उतरला.

त्या थंडीत खाचरात उरलेल्या ओलीवर सगळ्यांनी वाल लावला आणि शेंगा तलासरीच्या बाजारात एकत्र विकल्या. शुक्रीला दरवर्षीसारखे वीटभट्टीवर मजुरीला जावे लागले नाही.

आता माझ्या पोटात फक्त हळवे आहे. गरव्यासाठी शेजारी नवी कणगी आली. ती मुकेशने विणली आहे. थोडी वाकडी आहे, पण मी काही बोलत नाही.

मित्रांनो, आम्हांला वर्षातून एकदा शेणमातीचा हात द्या आणि बी निवडून, वाळवून ठेवा. आणि सगळ्यांच्या भल्याचे असेल ते संकोचाने गिळू नका, बोला. यंदा मुकेशने वरून पाणी सोडले, तेव्हा त्याबरोबर खेकड्याची पिल्ले खाली आली. रूपीने ती ओंजळीत धरली आणि आपल्या खाचरात सोडून दिली.