बुरुजावरचा रामभाऊ

"रामभाऊ, उत्तरेचा बुरूज! उत्तरेचा बुरूज धरा, मोनिका एकटीच हाय तिकडं!"

कानात वैजनाथ ओरडत होता आणि समोर लंकाबाई दळणाचा डबा आपटत होत्या. ज्योतीनं एका हातानं लंकाबाईंची बाजरी गिरणीच्या तोंडात ओतली आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर अंगठा फिरवला. उत्तरेकडे न जाता तिनं गेममधला आपला माणूस मुद्दाम दक्षिणेच्या दरवाजाकडे वळवला. तिकडे कुणी नव्हतं. कुणी नसणार हे तिला माहीत होतं.

"गेले मी!" कानात मोनिकाचा आवाज आला. "चौघं होते हो एकदम! रामभाऊ, कुठं होता तुम्ही?" आणि ती हसली. मरतानासुद्धा हसायची ती बया. तिच्यामागून सात-आठ पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "मोनिका, टेन्शन नको घेऊ, त्या चौघांना बघतो मी."

'गिऱ्हाईक आलं होतं,' ज्योतीनं टाइप केलं.

"बारीक दळ गं," लंकाबाई म्हणाल्या. "मागच्या येळेला भाकरी थापंना. आन् त्या कानातलं काढ आदी."

ज्योतीनं कानातलं काढलं. गिरणीच्या घरघरीत हसणं बुडून गेलं, तरी तिला ते ऐकू येतच राहिलं.

ही गेम तिच्याकडे आली ती नवऱ्याकडून. लॉकडाऊनमध्ये रामचा टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा वेळ जाईना म्हणून त्यानं 'बुरूज' घेतली होती. दहा जणांनी किल्ला राखायचा, दहा जणांनी तो घ्यायचा. वीस माणसं जमली की खोली उघडायची आणि डाव सुरू. तेव्हा वीस माणसं जमेपर्यंत हातातला चहासुद्धा गार होत नसे. तिसगाव, पाथर्डी, शेवगाव, नेवासा, सगळीकडची पोरं खेळायची. पुढे टेम्पो रस्त्याला लागला, रामनं नवा फोन घेतला आणि जुना ज्योतीकडे आला. आत गेम तशीच होती आणि नावही तसंच होतं, 'राम तिसगाव'.

एका रिकाम्या दुपारी तिनं ती उघडली. आधी नुसतं बघितलं, मग खेळली, मग चांगली खेळायला लागली. किल्ला राखायचा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. कोण कुठून येईल, कुणाला येऊ द्यायचं, कुणाला दारातच थोपवायचं, हे बारा वर्षं सासरी राहिलेल्या बाईला कळतंच. ती बोलत मात्र नसे, नुसतं टाइप करायची. 'गिरणीचा आवाज आहे,' असं तिनं सुरुवातीलाच लिहून टाकलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. वैजनाथ हा त्यांच्या गटाचा म्होरक्या, गटात कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं ते त्याच्या हातात. पाथर्डीकडचा पोरगा, हंगामात कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि गाडी खाली व्हायला नंबर लागेपर्यंत आवारात बसून खेळायचा. तो नव्या पोरांना सांगायचा, "रामभाऊ बोलत न्हाई. पन रामभाऊ असला की बुरूज पडत न्हाई."

सासूसमोर ज्योती नवऱ्याचं नाव घेत नसे. 'हे' म्हणून भागवायची, फार तर 'गाडीवाले'. आणि रोज दुपारी तीसेक पोरं तिला त्याच नावानं हाका मारायची. तिला गंमत वाटायची. पिठाच्या धुरळ्यात, पदर नाकाला बांधून ती उभी असायची आणि कानात कुणी म्हणायचं, "रामभाऊ, मानलं तुमाला!" इतकं चांगलं तिला दुसरं कुणी बोलत नसे. पीठ जाड पडलं की लोक सांगायला यायचे, चांगलं पडलं म्हणून कुणी आलं नव्हतं.

मग मोनिका आली. आली ती बोलतच आली.

"मी मोनिका, शेवगावची. स्टँडजवळ चष्म्याच्या दुकानात कामाला असते. मालक जेवायला गेला की खेळणार."

लगेच एक जण काहीतरी वंगाळ बोलला. मोनिका शांतपणे म्हणाली, "तुझ्या आईकडं दे रे फोन. तिलाच विचारते, हे घरी शिकवलंय का." पोरं खदाखदा हसली, तो पोरगा ओशाळला आणि त्या दिवसापासून मोनिका त्यांच्यातली झाली. आठवड्याभरात दुपारची पहिली चौकशी बदलली. पूर्वी असायचं, "रामभाऊ हाय का?" आता असायचं, "मोनिका आली का?"

पोरं तिच्याशी लाडीगोडी करतात, याचं ज्योतीला काही नव्हतं. तिला डाचायचं ते वेगळंच. हे असंही चालतं? नाव आपलं आणि आवाजही आपला? मग मी इतकी वर्षं काय केलं? भाकरी थापताना, पीठ चाळताना हा प्रश्न मनात यायचा आणि तिचा हात जड व्हायचा. राग यायचा तो मात्र स्वतःचा नाही, मोनिकाचा. हिला काय, मोकळी पोरगी असेल. ना सासू, ना गिरणी. जीन्स घालून, पंख्याखाली बसून खेळत असेल. ज्योतीनं तिचा चेहरा मनात तयार केला होता, गोरा, लांबट आणि निर्लज्ज. तेव्हापासून मोनिका ज्या बुरुजावर असेल, त्या बुरुजाकडे रामभाऊ वळेनासा झाला.

अशात गेम ओसरायला लागली. कुठलीशी नवी गेम आली होती, तिच्यात गाड्या होत्या, विमानं होती. पोरं एकेक करून तिकडे जाऊ लागली. कंपनी दरवर्षी दिवाळीत किल्ल्यावर पणत्या लावायची, यंदा त्याही लागल्या नाहीत. दिवाळीनंतर निम्मा मुलूख कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर गेला, तशी गिरणीवरची रांग आखडली आणि खेळातली माणसंही. पडद्यावर 'खेळाडू शोधत आहे' असं यायचं आणि एक चकती गरगरत राहायची. तेरा जमायचे, चौदा जमायचे, तिथेच अडायचं. पोरं कंटाळून निघायला लागली की मोनिका त्यांना दुकानातले किस्से सांगायची. एका आजोबांनी मालकाचाच चष्मा डोळ्याला लावून कसा नेला, हे ऐकत पोरं थांबायची आणि तेवढ्यात वीस भरायचे. खोली भरते ती हिच्यामुळे, हे ज्योतीला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती जास्त जळत होती.

एका दुपारी वैजनाथचा तिला एकटीला मेसेज आला. 'रामभाऊ, पोरं का गळत्यात? तुमी जुनं मानूस. सांगा कायतरी.'

ज्योतीनं गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबला. तिनं लिहिलं, 'पोरगी आल्यापासून खेळ राहिला नाही. नुसत्या गप्पा. तिला काढ, पोरं परत येतील.'

लिहिताना तिला एक वेगळंच सुख झालं. पारावर बसलेला कुणी बाप्या एका वाक्यात विषय मिटवतो आणि कुणी उलट विचारत नाही, तसं वाटलं.

'तुमी म्हन्ता म्हंजी इचार करूनच म्हनत असाल,' वैजनाथनं उत्तर दिलं. संध्याकाळी गटातून मोनिकाचं नाव गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. "मोनिका कुठंय?" एकानं विचारलं. "काढली," वैजनाथ म्हणाला. "का पन?" त्या आठवड्यात पाच-सहा पोरं दिसेनाशी झाली, त्यांच्यामागे आणखी काही. खोली भरेना. सात जण, चार जण, असं होत होत एका दुपारी वैजनाथ आणि ती, दोघंच उरली. त्याच्यामागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"रामभाऊ, म्या बी थांबतो आता. पोरांनी तिकडल्या गेमवर बोलावलंय. मोनिकाच लीडर हाय तिकडं. समदी तिचं ऐकत्यात. तुमी बी या की."

'फोन जुना आहे. ती गेम त्यात बसत नाही,' ज्योतीनं लिहिलं. हेही खरंच होतं.

"बरं. चला, नंबर आला माझा," असं म्हणून तो गेला.

लीडर! त्या दिवशी तिनं दोन गिऱ्हाइकांची पिठं एकमेकांत मिसळली आणि राहीबाईंची, म्हणजे सासूची, बोलणी खाल्ली.

राहीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि चष्मा करायचा होता. "पाथर्डीला मिळंल की," राम म्हणाला. "शेवगावला स्टँडजवळ चांगलं दुकान हाय म्हनत्यात," ज्योती म्हणाली. निघताना तिनं लग्नकार्यात नेसायची साडी नेसली. जी बाई आपल्याला ओळखत नाही, तिच्यासाठी आपण हे करतोय, हे तिच्या ध्यानात आलं, तरी तिनं ती बदलली नाही.

दुकान अरुंद होतं. काउंटरमागे एक काळीसावळी, बुटकी बाई चष्म्यांच्या काड्या पुसत होती. केसांना चप्प तेल, गळ्यात काळी पोत, वय ज्योतीएवढंच. ज्योती तिच्या पाठीमागे कुणी पोरगी दिसते का ते बघू लागली. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "या आजी, बसा. कागद आणलाय ना डॉक्टरांचा?"

तोच आवाज.

मोनिकानं कागदावरचं नाव आणि तिसगाव हे गाव वहीत उतरवलं आणि राहीबाईंच्या नाकावर एकेक फ्रेम ठेवून बघितली. "ही टोचती का? नाही? मग हीच. तासाभरात देते करून." काउंटरवर तिचा मोबाईल उताणा पडला होता आणि त्यात गाड्या पळत होत्या.

"गेम खेळता व्हय?" ज्योतीच्या तोंडून निघून गेलं.

"खेळते की. मालक जेवायला गेलेत." ती हसली. "आधी दुसरी खेळायचे, 'बुरूज' म्हणून. तिथून काढलं मला. तुमच्या तिसगावचेच होते एक रामभाऊ, त्यांनी सांगितलं म्हणे काढायला."

"राम तर आमच्या पोराचं नाव हाय," राहीबाई म्हणाल्या.

ज्योतीनं काउंटरची कड घट्ट धरली. मोनिकानं वर बघितलं. "खेळतात का ते?"

"त्याला कुठली आली सवड बाई? त्यो रातंदिस गाडीवर."

"मग दुसरे असतील," मोनिका म्हणाली. ती काच पुसू लागली. "लई भारी खेळायचे ते. बोलायचे नाहीत. मी त्यांचंच बघून शिकले. कुठं उभं राहायचं, कधी हलायचं नाही, सगळं. मला वाटायचं, ही बरी खेळते, हे बाकी कुणाला नाही कळलं तरी त्यांना कळेल. जाऊ द्या."

ज्योतीला काय वाटलं ते तिचं तिलाही नीट उलगडलं नाही. मोनिका तिच्यासमोर तिचंच कौतुक करत होती आणि ते तिला पोचत नव्हतं. जात होतं ते त्या रामभाऊकडे. इतके दिवस मोनिकावर जळणाऱ्या ज्योतीला पहिल्यांदाच रामभाऊचा हेवा वाटला.

"घरी चालतं?" तिनं विचारलं. "म्हंजी, पोरांशी असं बोललेलं?"

"आधी नाही चालायचं," मोनिका म्हणाली. "मग चालायला लागलं." तेवढ्यात मालक आला आणि दारातूनच खेकसला, "फोन ठेव आधी तो!" मोनिकानं फोन उपडा घातला आणि ज्योतीकडे बघून डोळे मिचकावले. सांगायचं होतं ते ज्योतीच्या जिभेवर आलं होतं. पण मालक समोर बसला, पावती झाली आणि तासाभरानं राहीबाईंनी नवा चष्मा लावून दुकानभर नजर फिरवली.

परतीच्या एसटीत राहीबाईंचं तोंड थांबेना. उसाच्या ट्रॅक्टरवर बसलेली पोरं दिसतात, लांबच्या बाभळीवरची घरटी दिसतात. ज्योतीनं मोबाईल काढून 'बुरूज' उघडली. चकती गरगरली आणि थांबली. वीसपैकी एक. डाव सुरू होणार नव्हता, नुसता किल्ला दिसत होता: मधला चौक रिकामा, दरवाजे सताड उघडे, वारा आला की एक झेंडा तेवढा हलत होता.

राहीबाई खांद्यावरून वाकल्या. "ह्यात काय बघती? कुनी तर न्हाई ह्यात."

"न्हाई कुनी," ज्योती म्हणाली.

"हाय की. त्यो भितीवर उभा एकटा. कोन त्यो?"

ज्योतीनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

"मी हाय ती."

राहीबाईंनी नवा चष्मा बोटानं वर सारला आणि पुन्हा नीट निरखून बघितलं.

"मिशा हायेत की गं तुला."

"व्हय," ज्योती म्हणाली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हानं पडदा दिसेनासा झाला, तसा तिनं त्यावर पदर धरला.