रोंडा किवेलाचे ऐच्छिक विषय

स्टॅविगने पेनाचं टोपण काढलं आणि रोंडाच्या अर्जावर 'आहारशास्त्र' या शब्दावरून आडवी रेघ मारली. 'वार्धक्याचं मानसशास्त्र' यावरूनही मारली. मग बारीक, तिरक्या अक्षरात बाजूला लिहिलं : जीवरसायन. त्याखाली : संख्याशास्त्र.

"हे कशाला?" रोंडाने विचारलं.

"मेडिकलला जायचंय ना तुम्हाला?"

"म्हणूनच विचारतेय. मी सगळी माहिती वाचलीय. जीवरसायन सक्तीचं नाहीये."

"नाहीये. म्हणून तर घ्यायचं."

त्याने अर्ज तिच्याकडे सरकवला आणि बाहेरच्या पोराला हाक मारली. पंचवीस वर्षं तो या कॉलेजात विद्यार्थ्यांना विषय निवडून देत होता आणि एवढ्या वर्षांत कुणी त्याला दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं म्हणे.

रोंडा बाहेर बाकावर बसून ती दोन रेघा मारलेली जागा बघत राहिली. ती एकतीस वर्षांची होती. पहाटे साडेपाच ते दुपारी बारा ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, भरवायची आणि एक वाजता टॅमरॅक बे गावातल्या कॉलेजच्या चढावर गाडी धापा टाकत आणून वर्गात बसायची. तिच्या वर्गातली मुलं वीस वर्षांची. ती तिला कधी कधी 'मॅडम' म्हणायची.

वर्गात तिची एकच मैत्रीण होती, केल्सी. दाताच्या डॉक्टरची मुलगी, प्रयोगशाळेत तिच्या शेजारचं टेबल. कॅन्टीनमध्ये रोंडाने अर्ज दाखवल्यावर केल्सीने हातातला चमचा खालीच ठेवला.

"तुला खरंच माहीत नाही? अगं, तो माणूस म्हणजे चाळणी आहे चाळणी!"

"म्हणजे?"

"कॉलेजच्या पत्रकावर काय छापलंय? 'आमच्या दर दहा अर्जदारांपैकी नऊ जणांना मेडिकलला प्रवेश.' ते नऊ कसे होतात? उरलेल्यांना अर्जच करू देत नाहीत. कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र लागतं ना? ते द्यायचंच नाही. आणि द्यायचं नसेल तर कारण नको? मग जीवरसायन घ्यायला लावायचं. निम्मा वर्ग आडवा होतो तिथे."

"पण मलाच का?"

केल्सीने खांदे उडवले. "पहिल्या वर्षी रसायनात तुला सी ग्रेड मिळाला होता ना?"

रोंडाला कुणी वेगळं पटवून द्यायची गरज नव्हती. अठराव्या वर्षी शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, "किती मायाळू स्वभाव आहे गं तुझा! डॉक्टरकीच्या फंदात नको पडूस. वृद्धाश्रमात तुझ्यासारख्या मुलींची फार गरज असते." लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्या तिच्या बापाने बाईंचे आभार मानले होते. तिनेही मानले होते. त्या गोड शब्दांत तिची दहा वर्षं गेली. तेव्हापासून कुणी भल्याचं सांगायला लागलं, की हा कुणाच्या भल्याचं बोलतोय, हेच ती आधी बघायची.

दुसऱ्या दिवशी तिने कोरा अर्ज मागून घेतला, त्यावर आपले मूळचे दोन्ही विषय लिहिले आणि परस्पर ऑफिसच्या खिडकीवर देऊन टाकला. रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने डीनना दोन पानी पत्र लिहिलं. सल्लागार स्टॅविग हे कमजोर विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड विषय देऊन वाटेतून दूर करतात, गरिबाघरच्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांशी तर हमखास असं वागतात, मला जीवरसायन घ्यायला लावलं ते याचसाठी, असं सगळं. शेवटी लिहिलं : माझं नाव गुप्त ठेवावं.

सप्टेंबर संपता संपता स्टॅविगच्या दारावरची पाटी निघाली.

त्याच्या जागी ब्रिआना फॉस नावाची तरुण बाई आली. टेबलावर चॉकलेटचा वाडगा, भिंतीवर सूर्यफुलं. तिने रोंडाचे विषय वाचले आणि टाळीच वाजवली. "क्या बात है! असंच मन सांगेल ते घ्यावं माणसाने."

"समितीला चालतील ना हे?"

"का नाही चालणार? तुम्ही मस्त करताय, रोंडा!"

रोंडा जिना उतरताना खूश होती. मग अर्ध्या जिन्यात थांबली. इतक्या सहज हो म्हणणारं माणूस तिला आयुष्यात भेटलं नव्हतं. पण दोन्ही विषयांत ए मिळाला आणि तिने मनातली शंका दाबून टाकली.

एप्रिलमध्ये मिस फॉसने तिला बोलावून घेतलं. चॉकलेट पुढे केलं.

"रोंडा, तुम्ही डॉक्टरांच्या सहायकाच्या कोर्सचा विचार केलाय कधी? दोन-अडीच वर्षांत हातात नोकरी!"

"मी मेडिकलचा विचार केलाय."

"हो हो, तो आहेच. पण समितीचं म्हणणं पडतंय, की तुमच्या विषयांना जरा... धार नाही. पहिल्या वर्षीचा तो सी, आणि त्यानंतर आहारशास्त्र, मानसशास्त्र..."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत."

"तुम्ही इतक्या आनंदात होतात," मिस फॉस म्हणाली. ती अजूनही हसतच होती. "शिवाय तुमचा स्वभाव किती मायाळू आहे!"

रोंडा उठली. कॉरिडॉरमध्ये आल्यावर तिच्या लक्षात आलं, की चॉकलेट आपल्या मुठीत वितळलंय.

स्टॅविगला शोधायला दोन दिवस लागले. जुन्या व्यायामशाळेच्या तळघरात त्याला बसवलं होतं. कुठला वर्ग कुठल्या खोलीत भरायचा, एवढंच त्याचं काम. ती दारात उभी राहिली.

"दार लोटून घ्या. वारा येतो."

तिने दार लोटलं. बसली नाही. "कुणाला अर्ज करू द्यायचा नाही, याची यादी असते का?"

"असते."

"माझं नाव आहे त्यात?"

"आहे. पहिल्या वर्षी मीच घातलं."

रोंडाला हे अपेक्षितच होतं, तरी ती खुर्चीत बसली.

"मग दोन वर्षं तुमचे मार्क बघत आलो," स्टॅविग म्हणाला. "सकाळची पाळी करून आणलेले. मी समितीला म्हटलं, हे नाव काढा. ते म्हणाले, सी पुसून टाकेल असं काहीतरी दाखव. रसायनातला डाग रसायनातच धुवावा लागतो. आहारशास्त्रातल्या ए ने तो जात नाही."

"हे मला तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"यादीच नाही, असं सांगायचा हुकूम होता. तोंड उघडलं असतं तर माझी जागा गेली असती." त्याने खोल्यांचं वेळापत्रक बाजूला सारलं. "तशी गेलीच म्हणा."

तळघरात बॉयलर घरघरत होता. रोंडा म्हणाली, "ते पत्र मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. डीननी नाव झाकून दाखवलं. पण जीवरसायन हा शब्द उघडाच राहिला. त्या वर्षी तो मी एकाच अर्जावर लिहिला होता."

"मिस्टर स्टॅविग, मला माफ—"

"नको." त्याने हात वर केला. "या पंचवीस वर्षांत मी कितीतरी मुलांना समजावून घरी पाठवलंय. कुणाला सांगितलं शिक्षक व्हा, कुणाला सांगितलं औषधाचं दुकान बघा. काही जण आभार मानून गेले. तुमच्या पत्रातलं सगळं खरं होतं. फक्त तुमच्यापुरतं खोटं होतं."

ती म्हणाली, "तुमच्यावर विश्वास ठेवू का नको, हे मला अजून कळत नाहीये."

"ठेवू नका," तो म्हणाला. "जीवरसायन घ्या."

जिना चढताना तिच्या मनात आलंच, की हाही डावच असेल. सूड उगवायची याहून सोपी रीत कुठली? उन्हाळाभर तो विचार तिला टोचत राहिला. ऑगस्टमध्ये तिने अर्जावर स्वतःच्या हाताने जीवरसायन लिहिलं, आणि लिहितानाही तिचा विश्वास बसलेला नव्हता.

पहिल्या परीक्षेत शंभरात एकेचाळीस पडले. केल्सी म्हणाली, "बघ, मी सांगत होते. अजून मुदत आहे, सोडून दे." रोंडाने सोडलं नाही. आश्रमात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलताना ती साखरेच्या विघटनाच्या पायऱ्या पुटपुटायची. मिसेस ऑस्बी नावाची नव्वदीची बाई विचारायची, "पोरी, कुणाची प्रार्थना म्हणतेस गं?" वर्षअखेर बी-प्लस मिळाला. ए नव्हे, पण ज्या वर्गात निम्मे आडवे झाले त्या वर्गातला बी-प्लस. समितीने चार ओळींचं कोरडं पत्र दिलं. पत्र कोरडं होतं, पण मिळालं होतं.

तिने चौदा ठिकाणी अर्ज केले. तेरा ठिकाणांहून नकार आले. चौदाव्या ठिकाणचा होकार पुढच्या मार्चमध्ये आला, ती आश्रमाच्या कपडे धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत असताना. बापाला फोन केला. तो नुसताच "बरं, बरं" म्हणत राहिला. त्यानंतर तिने कॉलेजचा नंबर लावला आणि तळघरातलं एक्स्टेन्शन मागितलं.

"खोल्यांचा विभाग," पलीकडून आवाज आला.

"मी रोंडा किवेला. मला जागा मिळाली."

पलीकडे बॉयलर तेवढा ऐकू येत होता.

"अभिनंदन," स्टॅविग म्हणाला. "पहिल्या वर्षी तिथे ऐच्छिक विषय नसतात. सगळं ठरलेलं असतं. बरं असतं ते."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी दारातून काही विचारलं आणि त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो फोन बंद करायचा विसरला होता, का मुद्दामच केला नव्हता, कोण जाणे.

"दोनशे बारा," तो कुणाला तरी सांगत होता. "नाही, जिन्याने डावीकडे. तुम्ही? एकशे सात. दार जड आहे, जोरात ढकला."

रोंडा गरम चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहिली आणि सुट्टीची दहा मिनिटं संपेपर्यंत ऐकत राहिली.