काचेच्या कपाटातली परात

मी एक जुनी पितळी परात आहे. आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे. काचेच्या कपाटात बसून बसून दुसरं काय होणार? मित्रांनो, मी चकचकीत दिसते म्हणून माझं बरं चाललंय असं समजू नका.

तांबटाने ठोकून ठोकून मला घडवलं आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी मी पीठ मळायला आले. सारी गल्ली तिला मावशी म्हणायची. एकदा ती चर्चमधून घरी आली. प्रभूने गुडघे टेकून शिष्यांचे पाय धुतले, तुम्हीही एकमेकांचे धुवा, असं त्या दिवशीच्या उपदेशात होतं. तसं ते दरवर्षीच असायचं. माणसं ऐकायची आणि घरी जाऊन जेवायची. मावशीने मात्र मला काखेत मारलं.

"अगं, परात कुठे निघाली? पीठ काय माझ्या डोक्यावर मळू?" तिची आई ओरडली.

"दुसरी आणू, आई. मला बोलावणं आलंय."

पहिलं घर कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचं. साखरेच्या आजाराने त्याचा पाय चिघळला होता. पोटचा मुलगा नाकाला रुमाल लावून दारातच थांबायचा. मावशीने माझ्यात कोमट पाणी ओतलं, त्याचा पाय अलगद ठेवला, बोटांच्या बेचक्यांतून मऊ फडकं फिरवलं. आभार राहिले बाजूला, तो शिव्याच घालू लागला.

"काका, शिव्या पोटभर द्या, पण पाय हलवू नका," मावशी म्हणाली.

त्याची जखम भरली. मग दिवसभर शिलाई मशीन आणि संध्याकाळी मी, असंच तिचं आयुष्य झालं. मला पोचे पडले, मी काळवंडले, वासही मारायचे. पण खरं सांगू? मी सुखात होते.

मग चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. त्यांना मावशीचं भारी कौतुक. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. त्या विधीला हीच परात हवी, असं ते म्हणाले. मावशीने आनंदाने मला दिलं. मग चर्चचे पंच म्हणाले, एवढी पवित्र वस्तू घरोघर कशी फिरवायची? झालं! मला चिंचेने घासलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मावशीला बदली एक प्लास्टिकचं घमेलं मिळालं.

आता वर्षातून एकदा मी बाहेर येते. ते बारा जण घरूनच साबणाने पाय घासून येतात. चारचौघांत पाय मळके दिसायला नकोत ना! धुऊन झालेलं पाणी इतकं स्वच्छ असतं की मला लाज वाटते.

मागे एकदा विधीच्या थोडं आधी मावशीची भाची धावत आली. मावशीला अर्धांगाचा झटका येऊन ती अंथरुणाला खिळली होती. टाचेची जखम चिघळली होती. घर चर्चच्या मागेच.

"पाळकसाहेब, मला एकटीला तिला उचलवत नाही हो. कुणीतरी चला. पाय धुवायचाय, दवाखान्यात न्यायचंय."

"आज? बघतेस ना, किती गडबड आहे. विधी झाला की येतोच."

"मग इथे आणा तिला. ती बारावी खुर्ची रिकामीच आहे."

पाळकसाहेबांनी चर्चच्या खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदार हळूच म्हणाले, "जखमेचा पाय... मंडळींना कसंतरी होईल."

त्या खुर्चीवर खजिनदारांचे जावई बसले. मी ओरडले असते हो! पण पितळेला वाजवल्याशिवाय आवाज नसतो. विधीनंतर चहापाणी झालं, फोटो झाले, आणि जाणं राहिलंच. दोन दिवसांनी कुणीतरी गेलं, तोवर विष वर चढलं होतं. मावशीचा जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या वर्षी तिचा सत्कार ठरला. चाकाच्या खुर्चीत बसवून तिला सर्वांत पुढे आणलं. पाळकसाहेब गुडघ्यावर बसले, त्यांनी साडीचा काठ जरा वर केला आणि त्यांचा हात थबकला. माझ्यात एकच पाय आला. किती वर्षांनी ओळखीचा स्पर्श! मला रडू फुटलं.

"धुतलेला आहे, साहेब," मावशी शांतपणे म्हणाली. "भाचीनं सकाळीच धुतला. पण पलीकडच्या गल्लीत गवंडीदादा पडून आहे, त्याचे राहिलेत. परात जरा भाचीकडे देता का?"

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "देऊ, देऊ," खजिनदार म्हणाले, "पंचांना एकदा विचारून घेतो."

ते अजून विचारताहेत. भाची प्लास्टिकचं घमेलं घेऊन गवंडीदादाकडे गेली, आणि मी पुन्हा कुलपात आले.

मित्रांनो, माझ्यासमोर हात जोडू नका. मला जपूही नका. तुमच्या गल्लीत कुणाचे तरी पाय धुवायचे राहिले असतील. काच फोडा आणि मला घेऊन चला.