कडेने धरायचं नाणं

नाणी गोळा करणाऱ्या माणसांना एकमेकांची नावं फारशी ठाऊक नसतात. ज्याचा जो नाद, तेच त्याचं नाव. कुणी फक्त भोकाची नाणी घेतो, कुणी टाकसाळीत चुकलेली, कुणी आपल्या लग्नाच्या सालातली. त्यामुळे क्रीडासंकुलाच्या त्या उंच दालनात सकाळी नाण्यांच्या मेळाव्याची टेबलं मांडली जात असताना "भोकवाले आले का?" असं कुणीतरी ओरडून विचारलं तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही. हसू आलं ते तिला एकटीला, आणि आल्या पावली तिनं ते गिळलं. बाबांची नाणी मांडलेल्या टेबलापाशी बसून बाबांवाचून हसण्याची तिला अजून सवय झाली नव्हती.

टेबल मिळवून दिलं होतं भिंगकाकांनी. बाबांचे हे जुने मित्र; बुटाच्या नाडीत ओवलेलं भिंग गळ्यात घालून हिंडायचे म्हणून भिंगकाका. दर रविवारी दुपारी घरी यायचे, बाबांच्या खोलीत बसायचे आणि चहा झाला की उठायचे. आता त्यांचं टेबल तिच्या शेजारीच होतं. कापडाच्या सुरकुत्या काढता काढता ते तिला धडे देत होते. पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. घाईत असलेल्याला थांबवायचं नाही. आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघण्यापेक्षा हात बघायचे. नाणं कडेनं उचलतो तो आपल्यातला, वर अंगठा टेकवतो तो भेटवस्तू शोधायला आलेला.

हे तिला सांगायची गरज नव्हती. नाणं कडेनं धरायचं, हे ती अक्षरं गिरवायच्या आधी शिकली होती. हाताचा घाम धातू खातो आणि अंगठ्याचा डाग मग जन्मभर जात नाही, हे बाबांनी तिला मांडीवर बसवून सांगितलं होतं. पुढं तिनं नोकरीही तसलीच धरली. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या विभागात ती होती, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, हे मोठमोठ्या विद्वानांना न दुखावता सांगणं हा तिच्या कामाचा निम्मा भाग होता.

बाबा वजनमापं खात्यात होते. दुकानदारांची वजनं तपासायची, खालून पोखरलेलं वजन सापडलं की जप्त करायचं. तराजू पिशवीतच राहायचा. बाबा वजन तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायचे आणि दुकानदाराचा चेहरा उतरायचा. पगार बेताचा. त्यातून नाण्यांचा नाद म्हणजे आईच्या भाषेत घरात पोसलेला हत्ती. तरी त्यांनी चार चांगली नाणी जमवली, आणि त्यांतलं जहाजाचं नाणं तर त्यांचा जीव की प्राण. चांदीचं, कोरं, शिडं वाऱ्यानं फुगलेली, आणि भिंगाखाली धरलं तर दोर मोजता येतील इतकं ठसठशीत. आज ते तिच्या टेबलावर होतं, पण कोपऱ्यात, आणि शेजारी 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी होती. बाकीचं सगळं विकायचं, हे बाबांनीच सांगून ठेवलेलं. नाणी कपाटात कुजवू नकोस, ज्यांना कळतात त्यांच्याकडे जाऊ दे, म्हणाले होते.

विकायचं काम होतंच. पण तिला आज इथं आणलं होतं एका प्रश्नानं, आणि तो विचारायचा कसा हे काही केल्या सुचत नव्हतं.

शेवटच्या दोन वर्षांत बाबांची नजर गेली. पूर्ण अंधार नव्हता. मधोमध डाग आणि भोवती अंधूकसं जग. वाचणं गेलं, भिंग गेलं. एकदा ती कामावरून घरी आली तर बाबा गॅलरीत बसलेले, जहाजाचं नाणं डबीतून बाहेर काढलेलं, आणि अंगठा शिडांवरून हळूहळू फिरतोय. ती दारातूनच ओरडली.

"बाबा, हे काय चाललंय? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

बाबा ओशाळून हसले. डोळ्यांचं काम बोटांकडे दिलंय, म्हणाले. तिनं नाणं त्यांच्या हातातून काढून घेतलं, मऊ फडक्यावर ठेवलं आणि उजेडात निरखून बघितलं. डाग पडला नव्हता. वेळेवर आलो म्हणून तिला हायसं वाटलं होतं, हेही तिला आता नको इतकं आठवत होतं. त्याच आठवड्यात तिनं सगळी नाणी सुरी घातल्याशिवाय उघडणार नाहीत अशा टणक प्लास्टिकच्या डब्यांत बंद केली. बाबा त्या डब्या हातात घेऊन फिरवून बघायचे आणि ठेवून द्यायचे. सगळी सारखीच लागतात गं, एवढंच एकदा बोलले.

मग दुखणं वाढल्यावर त्यांनी जहाज मागितलं. एकदा, दोनदा, नंतर रोज. तिचा जीव टांगणीला लागला. नाही म्हणवेना, आणि देववेनाही. शेवटी तिनं एका अनोळखी विक्रेत्याकडून तसंच दुसरं नाणं मागवलं; त्याच सालातलं, पण बाजारात हिंडून हिंडून गुळगुळीत झालेलं. ते बाबांच्या हातात दिलं. "घ्या तुमचं जहाज," म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला नाटकातल्यासारखा वाटला.

बाबांनी ते तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केलं. अंगठा फिरवला. "छान," म्हणाले. त्यानंतर ती खोलीत असली की ते नाणं त्यांच्या हातात असायचं.

त्यांना कळलं होतं का? हा तो प्रश्न. कळलं नसेल तर तिनं आंधळ्या होत चाललेल्या बापाला फसवलं. आणि कळलं असेल, तर तो बाप ते 'छान' कुणासाठी म्हणाला? कुणाला काही बोलले असतील तर ते भिंगकाकांनाच. पण काकांना विचारायचं म्हणजे आपण काय केलं ते आधी सांगायचं, आणि तिथंच ती अडायची.

सकाळ गिऱ्हाइकांत गेली. एक नवरा-बायको आले. तो नाणी निवडायचा आणि बायको त्याच्या मागं उभी राहून नुसती खाकरायची, की हा निवडलेलं परत ठेवायचा. जहाजवाल्या बाईही आल्या. दातांच्या डॉक्टर होत्या, आणि जगातल्या कुठल्याही नाण्यावर जहाज असलं की ते त्यांना हवं असायचं. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून मान मोडते, म्हणून संध्याकाळी समुद्र बघते, असं म्हणाल्या. कोपऱ्यातलं नाणं बघून त्या बोलायच्याच थांबल्या. चिठ्ठी वाचली, सुस्कारा टाकला आणि मन बदललं तर हाक मारा म्हणून शेवटच्या रांगेतलं आपलं टेबल दाखवून गेल्या.

दुपारी गर्दी ओसरली. काकांच्या टेबलाशी एक घासाघीस करणारा चिवट माणूस तेवढा उरला होता. काकांचं लक्ष नाही असं बघून त्यानं मागच्या ट्रेमधलं एक नाणं उचललं आणि नाक मुरडलं.

"काका, याच्यावर तर अख्खा अंगठा उमटलाय. निम्म्यात द्या."

काकांनी झटकन हात पुढं करून ते काढून घेतलं. "ते विकायचं नाही. चुकून बाहेर आलंय."

"मग मांडता कशाला, शोभेला?" असं पुटपुटत तो माणूस पुढं गेला.

नाणं काकांच्या मुठीत जायच्या आत तिनं बघितलं होतं. शिडं होती. आणि शिडांवर काळपट, गोलसर, रेघारेघांचा डाग.

काकांकडेही तसंच एक जहाज होतं, आणि ते या दालनात सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्या आणि काकांच्या नाण्यांत उजवं कुठलं, यावरून दोघं आयुष्यभर भांडले होते. काकांचा हात कधी नाण्यावर टेकायचा नाही. मग हे कसं झालं, हे तिनं विचारलं तेव्हा काकांनी भिंग पुसायला घेतलं. भिंग स्वच्छच होतं.

"बाबांचा अंगठा आहे का हा?" तिनं विचारलं.

काकांनी भिंग गळ्यात सोडलं. मग खुर्ची तिच्याकडे ओढून बसले.

"तू ते घासलेलं नाणं दिलंस ना त्याला, त्याच दिवशी फोन आला मला. म्हणाला, पोरीनं काटा मारला. मला, वजनमापंवाल्याला." ते हसले. "हसत होता गं तो. खरंच हसत होता."

"मग मला का नाही बोलले?"

"मी म्हटलं, मी बोलतो तिच्याशी. तर माझ्यावरच उखडला. म्हणे, ती बरोबर करतेय, मीच शिकवलंय तिला. आता माझ्यासाठी नियम मोडायला लावू का? तू काही बोलायचं नाहीस, म्हणाला. फक्त येताना तुझं जहाज घेऊन येत जा."

ते रविवार तिच्या डोळ्यांसमोर आले. चहा घेऊन गेलं की खोलीतलं बोलणं तुटायचं. बाबांचा एक हात पांघरुणाखाली असायचा, आणि काका उगाच हवापाण्याचं काहीतरी काढायचे. दुखण्याबद्दल बोलत असतील, आपल्यासमोर नको असेल, असं तिला वाटायचं. म्हणून ती दाराशी येताना मुद्दाम कपबशा वाजवायची, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. आपल्या समजूतदारपणाचं तिला तेव्हा बरं वाटायचं. आणि आत तिचा बाप, शाळेतलं पोर मास्तरांच्या चाहुलीनं विडी लपवतं तसं, दुसऱ्याचं नाणं लपवत होता. स्वतःच्या घरात. तिच्यापासून.

"तुमचं नाणं खराब झालं, काका," ती म्हणाली.

"झालं," काका म्हणाले. त्यात ना कुरकुर होती ना मोठेपणा. पाऊस पडला का, पडला, तसं.

त्यांनी टोमणा मारला असता तर तिला सोपं गेलं असतं. 'तुला कसं नाही गं कळलं?' एवढं जरी म्हणाले असते, तरी तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. पण काका तिच्यासाठी चहा सांगायला उठले. ते परत येईपर्यंत तिनं कोपऱ्यातली डबी उचलून हातात घेतली होती.

"काका, हे घ्या. तुमचं मला द्या. अदलाबदल करू."

त्या हॉलमधल्या कुणालाही हा सौदा वेडगळ वाटला असता. एका बाजूला कोरं नाणं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उमटलेलं. काकांनी डबीकडे बघितलंही नाही.

"नाही बाळ. हे नाही देणार मी." मग तिची नजर टाळून म्हणाले, "राग मानू नकोस. माझ्याकडेही त्याचं दुसरं काही नाही."

राग कसला मानायचा? तिनं चहा घेतला. तो गोड आहे की अगोड, ते तिला कळलं नाही. डबी तिच्या हातातच होती, आणि प्लास्टिकवर तिच्या बोटांचे ठसे उमटत होते, पुसले की जाणारे. आत जहाज होतं तसंच होतं. चिठ्ठी लिहिताना तिला वाटलं होतं की बाबांची आठवण म्हणून हे एक आपल्याजवळ ठेवावं. पण ज्याला ते हातात घेऊ दिलं नाही त्याची आठवण म्हणून ते कुठल्या तोंडानं ठेवायचं? कपाट उघडलं की ते चकाकणार. पाहुण्यांना दाखवायचं झालं तर काय सांगायचं, वडिलांचं फार आवडतं होतं?

तिनं चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली, काकांना टेबलाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन जहाजवाल्या बाईंना बोलावून आणलं.

बाई लगबगीनं आल्या, चष्मा बदलून बसल्या. डबी दिव्याखाली धरून त्यांनी आधी जहाज बघितलं, मग मागची बाजू, मग पुन्हा जहाज. भावाला त्यांनी एकदाच कमी करून बघितलं, तेही रीत म्हणून. काका शेजारी पाठ करून काहीतरी आवरत होते. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि ते बघत नाहीयेत हे तिला पाठीला डोळे असल्यासारखं कळत होतं.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एक बोट लागलेलं नाही याला. तळहाताच्या फोडासारखं जपलंय हो तुमच्या वडिलांनी."

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "मी."

बाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, अगदी मनापासूनचं.

"हो का? मग नशीबवान म्हणायचे ते. आईबापांच्या वस्तूंची एवढी कदर करणारी मुलं कुठं असतात आता?"

बाई वाट बघत होत्या. तिनं पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि पावती कुणाच्या नावानं करायची ते विचारलं.